कोल्हापूरची वेस आणि लंडनचे न्यायासन

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालाने माखलेल्या सासनकाठ्या नाचू लागल्या की वाडी रत्नागिरीच्या त्या माथ्याला कोणतीही सीमा उरत नाही. पाडळीची मानाची काठी साताऱ्याच्या बाजूने येते. बेळगाव, सोलापूर, मराठवाडा येथूनही भाविकांची रीघ लागते. कोल्हापूर शहरापासून सुमारे सतरा किलोमीटर दूर असलेल्या या डोंगरावरचे आजचे मुख्य देऊळ १७३० साली राणोजी शिंदे यांनी बांधविले, आणि पुढे ग्वाल्हेरचे राजघराणे झालेल्या शिंद्यांनी आपल्या कुलस्वामीशी असलेले नाते कधी तोडले नाही. देवाच्या वाटेवर परराज्य आडवे येत नव्हते. मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच डोंगरावरून उत्तरेला पाहिले असता वारणेच्या पलीकडचा मुलूख कायद्याच्या दृष्टीने परका होता. अलीकडे छत्रपतींचे संस्थान, पलीकडे ब्रिटिश सरकारचा सातारा जिल्हा. काठी नदी ओलांडून येई. न्यायालयाचा हुकूमनामा मात्र काठावरच थबके.

या अदृश्य वेशीचा अनुभव ज्यांना आयुष्यभर आला अशा पुरुषांत लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. राजद्रोहाचे खटले, मंडालेचा तुरुंग, गीतारहस्य, होमरूल ही टिळकचरित्राची परिचित प्रकरणे होत. परंतु त्या चरित्राच्या आरंभी आणि अखेरीस कोल्हापूर उभे आहे, आणि मधल्या साऱ्या काळात एक दिवाणी दावा पुणे, औरंगाबाद, कोल्हापूर, मुंबई व लंडन असा भ्रमण करीत आहे, याची आठवण क्वचितच काढली जाते. आजच्या मराठी घरांतील मुले-मुली परदेशी स्थायिक झाली आहेत, आणि संपत्तीचे, विवाहाचे व अपत्यांच्या ताब्याचे तंटे दोन देशांच्या न्यायालयांत एकाच वेळी चालू लागले आहेत. अशा काळी ही आठवण केवळ इतिहासाच्या कुतूहलापुरती राहत नाही.

पहिली ठेच

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. १८७९ साली ते कायद्याचे पदवीधर झाले, पण वकिलीची सनद घेऊन पैसा मिळविण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. शाळा आणि वृत्तपत्रे ही त्यांची व त्यांचे मित्र आगरकर यांची साधने ठरली. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले, आणि वर्ष उलटते न उलटते तोच या दोन्ही पत्रांना कोल्हापूरने गाठले.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचे मानसिक स्वास्थ्य बिघडले आहे असे सांगितले जात होते, आणि त्यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी पुण्यातील मने अस्वस्थ झाली होती. कारभारी माधवराव बर्वे यांना दोषी ठरविणारी काही पत्रे या तरुण संपादकांच्या हाती आली व त्यांच्या आधारे लेख लिहिले गेले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद मुंबईस गुदरली. येथेच सीमेचा पहिला धडा मिळाला. ज्या घटना खऱ्या की खोट्या हे ठरवावयाचे, त्या संस्थानच्या राजवाड्यात घडलेल्या. ज्यांनी साक्ष द्यावयाची ते संस्थानच्या अमलाखालील. आणि न्यायासन मात्र ब्रिटिश हद्दीतले. पत्रे बनावट ठरली, संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस काढून ते २६ ऑक्टोबर रोजी सुटले. खटला चालू असता जामिनासाठी महात्मा फुले यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांची हमी घेतली होती, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये अशीच आहे. ज्या महाराजांसाठी ही कैद भोगली गेली, त्यांचा पुढच्याच वर्षी २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे देखरेखीखाली असताना शोचनीय अंत झाला.

सद्हेतू असला तरी वेशीपलीकडचा पुरावा आपल्या ताब्यात नसतो, आणि न्यायासन हेतूकडे पाहत नसून पुराव्याकडे पाहते, हे टिळक या वेळी शिकले. पुढील आयुष्यात त्यांनी कागदपत्रांची जी काटेकोर जपणूक केली तिचे मूळ डोंगरीत असावे असे मानण्यास जागा आहे.

मरणशय्येवरील शब्द

१८९७ हे वर्ष टिळकांच्या दृष्टीने कसोटीचे होते. प्लेगच्या बंदोबस्तात पुणे होरपळले, रँड यांचा खून झाला आणि 'केसरी'तील लिखाणाबद्दल टिळकांना २७ जुलै रोजी राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी यांनी ४ ऑगस्ट रोजी त्यांना जामिनावर सोडले. खटल्याची तयारी करावयाची असताना ते पुण्यास आले, तो त्यांचे स्नेही सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे पटकीच्या विकाराने अंथरुणास खिळलेले आढळले. पुण्याच्या या प्रतिष्ठित घराण्याच्या मिळकती ब्रिटिश मुलखात होत्या तशाच कोल्हापूर संस्थानातही होत्या. बाबामहाराजांनी मृत्युपत्र केले, टिळकांना विश्वस्तांपैकी एक होण्याची गळ घातली आणि ७ ऑगस्ट रोजी त्यांनी देह ठेवला.

मागे राहिली ती कोवळ्या वयाची, गर्भवती पत्नी सकवारबाई ऊर्फ ताईमहाराज. पुत्र झाला नाही, अथवा होऊन वाचला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा अशी मृत्युपत्राची अट होती. पुत्र झाला आणि दोन-तीन महिन्यांतच दगावला. टिळक त्या वेळी अठरा महिन्यांची शिक्षा भोगीत तुरुंगात होते. १८९८ च्या सप्टेंबरात ते सुटून आले तेव्हा कर्जात बुडालेली दौलत, एक दुःखी तरुण विधवा आणि मृत मित्राला दिलेला शब्द एवढे त्यांच्या वाट्याला आलेले होते. काटकसर करून कर्ज फेडावे हा विश्वस्तांचा आग्रह. आपल्याच घरात आपल्याला हात आखडून राहावे लागते ही ताईमहाराजांची तक्रार. तंट्याचे बीज या साध्या घरगुती कुरबुरीत होते.

औरंगाबादचा दत्तक

दत्तकासाठी मुलगा कोणत्या शाखेतून घ्यावा हा प्रश्न निघाला तेव्हा घराण्याची निधोने येथील शाखा पुढे आली. ही शाखा निजामच्या राज्यातील होती. १९०१ च्या जूनअखेरीस टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे व ताईमहाराज औरंगाबादेस गेले आणि तेथे जगन्नाथ नावाच्या मुलाचा दत्तकविधी झाला, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांचे मन पालटले. कारभारी नागपूरकर त्यांच्या बाजूस गेले. औरंगाबादेस खरा दत्तकविधी झालाच नाही, असे सांगून त्यांनी जुलैच्या अखेरीस पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्याकडे विश्वस्तांचे अधिकार रद्द करण्याचा अर्ज केला. पुढे कोल्हापूरच्या शाखेतील बाळामहाराज यांना त्यांनी दत्तक घेतले, आणि या दत्तकाच्या पाठीशी कोल्हापूर दरबार उभा राहिला.

आता पेच कसा पडला तो पाहावा. मूळ घर पुण्याचे, म्हणजे ब्रिटिश हद्दीतले. पहिला दत्तकविधी औरंगाबादचा, म्हणजे निजामच्या हद्दीतला. तेथील साक्षीदारांवर पुण्याच्या न्यायालयाचे समन्स स्वतःच्या बळावर लागू होत नव्हते. दुसऱ्या दत्तकाचा आधार कोल्हापूरचा, आणि वादातील मिळकतीचा एक भागही तेथलाच. तीन राज्यांच्या तीन कायदेपद्धती एका मुलाच्या हक्कावर येऊन ठेपल्या होत्या. तो विधी झाला की नाही, या एका वस्तुस्थितीच्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे चौदा वर्षे लागली.

ॲस्टन यांनी १९०२ च्या एप्रिलमध्ये विश्वस्तांचे प्रमाणपत्र रद्द केले, आणि एवढ्यावर न थांबता टिळकांविरुद्ध खोटी साक्ष, हिशेबात फेरफार इत्यादी फौजदारी आरोप ठेवण्याचा हुकूम दिला. दिवाणी तंट्याचा फौजदारी खटला झाला. उच्च न्यायालयाने ॲस्टन यांचा मूळ निर्णय फिरविला, तरी फौजदारी खटला थांबला नाही. खास नेमलेले मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी २४ ऑगस्ट १९०३ रोजी टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी व हजार रुपये दंड ठोठावला. अपिलात सेशन्स न्यायाधीश लुकास यांनी ४ जानेवारी १९०४ रोजी ही शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. टिळकांच्या हातांत बेड्या पडल्या व त्यांची रवानगी येरवड्यास झाली. अखेर १९०४ च्या मार्चमध्ये मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या पीठाने ती शिक्षा रद्द केली. ज्या पुरुषाला राजद्रोही म्हटले गेल्याचे वैषम्य वाटले नव्हते, त्याला खोटारडा म्हटले गेल्याचे दुःख मात्र फार झाले. राजद्रोहाच्या शिक्षेने लोकांत मान वाढतो. खोट्या साक्षीचा डाग घरच्या उंबरठ्यापर्यंत येतो.

दोन बाजू

या प्रकरणी कोल्हापूर दरबाराच्या वर्तनाकडे केवळ सरकारच्या हातातील बाहुले म्हणून पाहणे न्याय्य होणार नाही. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली अधिकारारूढ झाले होते, आणि १८९९ पासून वेदोक्ताच्या प्रश्नाने त्यांच्या मनाला खोल जखम केली होती. छत्रपतींच्या घरच्या धर्मकृत्यांत वेदमंत्र म्हणण्यास नकार देणाऱ्या पुरोहितवर्गाची बाजू 'केसरी'ने १९०१ साली उचलून धरली. त्याच वर्षी ताईमहाराज प्रकरण उपस्थित व्हावे हा दैवदुर्विलास होय. एका बाजूला आपल्या राज्यातील मागासलेल्या प्रजेला वर आणू पाहणारा राजा, ज्याने २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. दुसऱ्या बाजूला परकी सत्तेशी झुंजणारा लोकनायक. वेदोक्ताच्या वादात काळाने महाराजांच्या बाजूने कौल दिला आहे, यात शंका नाही. दत्तकाच्या वादात मात्र न्यायासनाने अखेर टिळकांच्या बाजूने कौल दिला. एका वादातील चूक दुसऱ्या वादातील सत्य पुसून टाकीत नाही. पण त्या काळच्या तापलेल्या वातावरणात ही वाटणी कोणाच्या ध्यानात राहिली नाही, आणि ज्या दोन पुरुषांचा महाराष्ट्राला सारखाच अभिमान वाटावा ते एका घराण्याच्या वारशापायी दोन छावण्यांत विभागले गेले.

तुरुंगातून प्रिव्ही कौन्सिलकडे

फौजदारी खटला संपला तरी दिवाणी दावा उरलाच होता. जगन्नाथ महाराजांच्या वतीने विश्वस्तांनी लावलेला हा दावा पुण्याच्या न्यायालयात १९०६ साली त्यांच्या बाजूने लागला. प्रतिपक्षाने मुंबईस अपील केले. ते चालू असतानाच १९०८ च्या जुलैत टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली व त्यांची पाठवणी मंडालेस झाली. १९१० साली उच्च न्यायालयाने पुण्याचा निकाल फिरविला आणि टिळक व खापर्डे यांच्या साक्षीवर अविश्वास दर्शविला. ज्याच्या सत्यवचनावर हा ठपका आला तो मनुष्य समुद्रापलीकडे कोठडीत होता, उत्तर देण्यास समोर नव्हता.

मंडालेतून टिळकांनी गीतारहस्य लिहिले हे सर्वांस ठाऊक आहे. तेथूनच त्यांनी या दाव्याचीही चिंता वाहिली. अपील आता लंडनला, प्रिव्ही कौन्सिलपुढे न्यावयाचे होते. मुदती, तारणाची रक्कम, कागदपत्रांचे भाषांतर व छपाई, तिकडचे सॉलिसिटर व बॅरिस्टर, हा सारा खटाटोप महिन्यातून मोजक्या पत्रांच्या मर्यादेत राहून करावयाचा. १९१२ च्या जूनमध्ये पुण्यास त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. तरीही मृत मित्राच्या शब्दाचा धागा त्यांनी सोडला नाही.

१९१४ च्या जूनमध्ये ते सुटून आले, आणि २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून पुण्याचा निकाल कायम केला. निर्णय देणारे लॉर्ड शॉ यांनी ज्या तत्त्वावर भर दिला ते आजही भारतीय न्यायालयांत आधार म्हणून सांगितले जाते. साक्षीदाराला खोटे ठरवावयाचे असेल तर उलटतपासणीत तो मुद्दा त्याच्यापुढे स्पष्टपणे ठेवला पाहिजे, त्याला खुलाशाची संधी दिली पाहिजे. पाठीमागून कागद दाखवून त्याला असत्यवादी म्हणता येत नाही, असे त्या तत्त्वाचे सार होय. ताईमहाराज प्रकरणाचा खरा वारसा दौलतीत नसून या तत्त्वात आहे. पुण्यातील एका वाड्यातील तंट्याने साऱ्या देशातील साक्षीदारांना एक संरक्षण मिळवून दिले.

आणि तरीही वेस उरलीच. साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाचा निकाल ब्रिटिश हिंदुस्थानात बंधनकारक होता. कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत तो आपोआप बजावला जाण्याजोगा नव्हता. सहा हजार मैलांवरचे लंडन गाठता आले, परंतु वारणेच्या अलीकडचे कोल्हापूर अवघड राहिले. सत्य सिद्ध होणे आणि सत्याचा ताबा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सीमेवर त्यांच्यातील अंतर सर्वांत अधिक असते.

लंडनचा पराजय

याच प्रकरणाची सावली आणखी एका दाव्यावर पडली. 'टाइम्स'चे सर व्हॅलेंटाइन चिरोल यांचा 'इंडियन अनरेस्ट' हा ग्रंथ १९१० साली लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यात टिळकांवर राजकीय खुनांना चिथावणी दिल्यापासून ताईमहाराज प्रकरणातील वर्तनापर्यंत अनेक आरोप होते. प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयाने बळ आलेल्या टिळकांनी चिरोल व प्रकाशक यांच्यावर लंडनमध्येच अब्रुनुकसानीचा दावा लावला. साक्षी नोंदविण्यासाठी हिंदुस्थानात कमिशन बसले. कागदांचे ढीग साठले. खर्च लाखांच्या घरात गेला.

या दाव्याला आणखी एक अंग होते. १९१८ साली होमरूलच्या मागणीसाठी निघालेल्या शिष्टमंडळाचे परवाने कोलंबोत पोचल्यावर रद्द करण्यात आले. टिळकांना अर्ध्या वाटेवरून परतावे लागले. परंतु स्वतःच्याच न्यायालयातील वादीला येऊ न देणे सरकारला शोभण्यासारखे नव्हते. राजकारणाला बंद असलेले दार दाव्याने उघडले. अटी पत्करून टिळक १९१८ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघाले व ऑक्टोबरअखेर लंडनला पोचले. मेडा व्हेलमधील १०, हाउली प्लेस या घरी त्यांनी मुक्काम केला. आज त्या घरावर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे.

२९ जानेवारी १९१९ रोजी न्यायमूर्ती डार्लिंग व ज्यूरी यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. कार्सन यांनी उलटतपासणीत ग्रंथातील विधानांपेक्षा टिळकांच्या पूर्वीच्या शिक्षा आणि 'केसरी'तील लेख यांनाच पुढे केले. महायुद्ध नुकतेच संपलेले, साम्राज्याचा अभिमान शिगेला पोचलेला, आणि ज्यूरीत बसलेले लंडनचे नागरिक. २१ फेब्रुवारीस दावा खर्चासह फेटाळला गेला. वादी परकीय असेल तर न्यायासनापुढे केवळ त्याची तक्रार उभी राहत नाही. त्याचा देश, त्याचे राजकारण, त्याची वेशभूषासुद्धा उभी राहते. बावीस वर्षांपूर्वी मुंबईत राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीतील युरोपियनांचे आधिक्य त्यांना नडले होते. लंडनमध्ये तर सारी ज्यूरीच परकी होती.

टिळक खचले नाहीत. दावा हरला तरी ते लंडनमध्ये आणखी नऊ महिने राहिले, मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटले, पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. खर्चाचा बोजा लोकांनी वर्गणीने उचलला. खटला गेला, पण वादी लोकांत अधिक उंच झाला. मात्र सामान्य माणसाने हे उदाहरण जपून घ्यावे. परदेशातील पराभवाचा खर्च ज्याच्यासाठी देश वर्गणी काढतो असा वादी शतकात एखादाच.

शेवटचा प्रवास

१९२० च्या जुलैत टिळक मुंबईस आले ते पुन्हा ताईमहाराज प्रकरणाच्याच एका शाखेसाठी. तेथे सरदारगृहात त्यांना हिवतापाने गाठले आणि १ ऑगस्टच्या पहिल्या प्रहरात त्यांचे देहावसान झाले. १८९७ साली एका मरणोन्मुख मित्राला दिलेला शब्द तेवीस वर्षांनी, स्वतःच्या मरणापर्यंत, त्यांच्यासोबत राहिला.

हा हट्ट योग्य होता काय? राष्ट्राच्या नेत्याने इतकी वर्षे, इतका पैसा आणि इतकी मनःशक्ती एका सरदारघराण्याच्या दत्तकापायी वेचावी काय, हा प्रश्न त्यांच्या हयातीतही विचारला जात होता. एक पक्ष म्हणेल की शब्द पाळणे आणि आपल्या सत्यवचनावरील डाग धुणे हेही लोकनायकाचे कर्तव्यच होय. दुसरा पक्ष म्हणेल की या साऱ्या कागदांच्या राशीत एका तरुण विधवेचा स्वतःचा आवाज हरवून गेला. पतीने अट घातली, विश्वस्तांनी मुलगा निवडला, दरबाराने दुसरा पुढे केला, न्यायाधीशांनी निवाडे दिले. पण तिला स्वतःला काय हवे होते हे पडताळून पाहणे कोणत्याच न्यायासनाचे काम नव्हते. प्रकरण तिच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यात सर्वांत कमी माहिती तिच्याविषयीच आहे. हे दोन्ही पक्ष खरे आहेत, आणि सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रत्येक घरगुती तंट्यात हीच दुहेरी सत्ये आजही वावरत असतात.

आजचे वारसदार

आज संस्थानांच्या वेशी नाहीत, पण देशांच्या आहेत. पुण्या-कोल्हापुरातील शिक्षकाचा वा कारकुनाचा मुलगा अमेरिकेत असतो, मुलगी दुबईत. मिळकत गावाकडे, विवाह इकडचा, घटस्फोटाचा हुकूम तिकडचा. १९०८ साली, म्हणजे टिळक मंडालेस गेले त्याच वर्षी झालेल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे तेरावे कलम परकी निकाल कोठवर मानावा हे आजही ठरविते : निकाल अधिकार असलेल्या न्यायालयाचा असावा, गुणदोषांवर दिलेला असावा, दुसऱ्या बाजूस म्हणणे मांडण्याची संधी मिळालेली असावी, लबाडीने मिळविलेला नसावा. चव्वेचाळीस-अ कलमान्वये ब्रिटनसारख्या काही देशांच्या न्यायालयांचे पैशासंबंधीचे हुकूम येथे थेट बजावता येतात. संयुक्त अरब अमिरातीचा या यादीत २०२० साली समावेश झाला. अमेरिका त्या यादीत नाही. तेथला हुकूम घेऊन येणाऱ्यास येथे नव्याने दावा लावावा लागतो. परदेशी घटस्फोट केव्हा ग्राह्य धरावा याची कडक कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली घालून दिली, ती मुख्यतः मागे राहिलेल्या पत्नीच्या रक्षणासाठी. समन्स बजावणीच्या हेग करारात भारत २००६ साली सामील झाला. मुले एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यासंबंधीच्या हेग करारात मात्र तो सामील झालेला नाही. पोलिसांकडे दिलेल्या फिर्यादीची वाट तर याहून बिकट. येथला फौजदार तिकडे जाऊन जबाब घेऊ शकत नाही; न्यायालयाचे विनंतीपत्र सरकारमार्फत जावे लागते आणि उत्तरासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते.

टिळकांच्या अनुभवातून या वाटसरूंनी घ्यावयाचे धडे साधे आहेत. कागद जपावा, कारण वेशीपलीकडे शब्दाला किंमत नसते. ज्या हद्दीत मिळकत वा माणूस आहे तेथील हुकूम कोण बजावणार हे दावा लावण्यापूर्वीच विचारावे, कारण लंडनचा विजयही कोल्हापुरात अपुरा पडतो. दिवाणी तंट्याला फौजदारीचे वळण लावताना दहा वेळा विचार करावा, कारण बेड्या पडल्यावर तडजोडीची वाट बंद होते. आणि ज्या व्यक्तीच्या नावाने दावा चालतो तिचे मन अगोदर जाणून घ्यावे.

कालगती कशी असते पाहा. औरंगाबाद ज्या राज्यात होते ते निजामचे राज्य १९४८ च्या सप्टेंबरात भारतात आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला भारतावरील प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपुष्टात आला. ज्या तीन सत्तांच्या कात्रीत ताईमहाराज प्रकरण सापडले होते त्या तिन्ही जेमतेम तेरा महिन्यांत इतिहासजमा झाल्या. २०२५ च्या ऑगस्टपासून तर मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरातच बसू लागले आहे. ज्या गावच्या वेशीवर लंडनचा निकाल अडला तेथेच आज उच्च न्यायालयाचे न्यायासन आहे.

जोतिबाच्या डोंगरावरून आता उत्तरेला पाहिले तर वारणेच्या दोन्ही तीरांवर एकच कायदा दिसतो. काठी पूर्वीप्रमाणेच नदी ओलांडून येते. वेशी माणसांनी आखलेल्या असतात, आणि केव्हा तरी त्या पुसल्याही जातात. पण त्या पुसल्या जाईपर्यंत न्यायासाठी वणवण करणाऱ्याचे आयुष्य सरून जाते. हे आयुष्य सरण्यापूर्वी न्याय वेशीपलीकडे पोचावा, यासाठी देशादेशांनी करार करणे आणि घराघरांनी शहाणपण दाखविणे, हीच या जुन्या दाव्याची आजची मागणी होय.